काकांचा कॅमशाफ्ट बसतो

प्रथम दुरुस्ती. गेल्या महिन्यात केलेल्या मृत्युपत्राच्या चौथ्या कलमात मी असे लिहिले होते की, काकांनी दिलेला कॅमशाफ्ट आमच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात बसत नाही. बसवला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. हे चूक आहे. तो बसतो. त्याच्या कागदावरचा साडेअकरा मिलिमीटर हा आकडा व्हॉल्व्ह किती उघडतो याचा होता. मी तो शाफ्टवरच्या फुगवट्याच्या उंचीचा समजले, आणि व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर ती उंची दीडपट करतो म्हणून पुन्हा दिडाने गुणले. उत्तर आले सव्वासतरा. चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून कोणाची वस्तू परत करणे मला पटत नाही. म्हणून ते मृत्युपत्र रद्द समजावे आणि हे ग्राह्य धरावे.

मी, वय वर्षे सत्तावीस, वडिलांच्या गॅरेजात काम करणारी त्यांची थोरली मुलगी, हे स्वतःच्या हाताने, ठणठणीत प्रकृतीत आणि ताळ्यावर असलेल्या डोक्याने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट धाकटा भाऊ हसतो आहे. “ताई, तुझ्या नावावर आहे काय? एक खोकं पान्यांचं आणि एक काळज्यांचं.” पण पुढच्या महिन्यात हौशी चालकांच्या चढणीच्या फेरीत मी गाडी चालवणार आहे, आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या शब्दांखाली सही केल्यापासून मला धड झोप नाही. शेजारच्या सीटवर बाबा बसणार आहेत.

कलम पहिले. गाडीचा सांगाडा बाबांचा आहे, त्यातले इंजिन माझे. माझ्या पश्चात इंजिनही बाबांचे. याच गाडीच्या बंपरला धरून मी चालायला शिकले आणि आकडेही हिच्याच बॉनेटवर बसून शिकले. शाळेत बाईंनी सहापर्यंत म्हणायला सांगितले तेव्हा मी म्हटले, एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. बाईंनी आईला बोलावून घेतले. आई म्हणाली, “बरोबरच म्हणतेय की. या क्रमानं ठिणगी पडली नाही तर आमच्याकडे चूल पेटत नाही.”

कलम दुसरे. माझा मायक्रोमीटर, डायल गेज आणि फिलर गेज गॅरेजात राहावे. बोल्ट मापात आवळायचा टॉर्क रेंच धाकट्याला. त्याने तो एकदा भिंतीत खिळा ठोकायला वापरला होता. मी त्याला माफ केले आहे. विसरलेले नाही.

कलम तिसरे. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती स्वतःवर खर्च करावी. गॅरेजच्या पत्र्यांवर खर्च केल्यास हे कलम मोडले असे समजावे. निळ्या गाडीचे जे गिऱ्हाईक दर वेळी माझ्याकडे बघत “आत कोणी आहे का?” असे विचारतात, त्यांना मी काहीही देत नाही. त्यांच्या गाडीचे काम मात्र अडवू नये.

कलम चौथे. हे लांबेल.

वाचणाऱ्यांत एखादे वकीलही असतील म्हणून सांगते. कॅमशाफ्ट हा फुगवटे असलेला दांडा. इंजिनाने श्वास केव्हा घ्यायचा, किती खोल आणि किती वेळ, हे तो व्हॉल्व्ह उघडून-मिटून ठरवतो. माझ्याकडे असे दोन आहेत. मी घेतलेला मवाळ: तो खालच्या वेगातच ओढ देतो. काकांनी दिलेला जहाल: तो व्हॉल्व्ह इतका वेळ उघडे ठेवतो की उभ्या गाडीचे इंजिन धापा टाकल्यासारखे घडघडते, पण फेऱ्या वाढल्या की ऐकत नाही. काका बाबांचे धाकटे भाऊ. तरुणपणी शर्यतीत चालवत. गुडघा गेला आणि शर्यती सुटल्या. हा शाफ्ट त्यांनी खास माझ्यासाठी घासून घेतला, तेलकट कागदात गुंडाळून आणला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला.

“काय गं मिलिमीटर,” ते मला असेच हाक मारतात, “कधी ऐकवतेस?”

मी म्हटले, “मापं घेते आधी.”

“घे, घे. मापं घेता घेता म्हातारी होशील.”

तेव्हा तो चुकीचा आकडा मला सापडला, आणि खरे सांगायचे तर हायसे वाटले. लोखंडच नाही म्हणत होते. मला म्हणावे लागत नव्हते. तरी खात्री म्हणून गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या पद्धतीने तपासले. धाकट्याची लहानपणची खेळायची माती पिस्टनच्या माथ्यावर थापली, जहाल शाफ्ट घालून इंजिनाचे झाकण, म्हणजे हेड, वरून बसवले, क्रँक हाताने दोनदा फिरवला आणि हेड पुन्हा उचलले. व्हॉल्व्हचा ठसा मातीत उमटला होता. आईने दोऱ्याने माती कापून दिली, मी जाडी मोजली. भरपूर जागा होती. मी परत मोजली. तेवढीच.

“म्हणजे चांगलंच झालं ना?” आई म्हणाली. “मग तोंड का उतरलं?”

मी सांगितले की या शाफ्टने इंजिनातला व्हॅक्युम कमी होतो, व्हॅक्युमवर ब्रेकचा बूस्टर चालतो, संथ वळणांवर ब्रेकचे पेडल दगडासारखे होईल.

“त्याला उपाय नाही?”

उपाय आहे. व्हॅक्युमची वेगळी टाकी लावता येते. आईने हातातला दोरा गुंडाळला. “मला दोन्ही सारखेच दांडके दिसतात. तू इंजिनाला भितेस की काकांना, तेवढं ठरव.”

ठरवले आहे. खरे कारण येथे नोंदवते. बाबांच्या हातांना कंप आहे, आणि हल्ली त्यांचा आवाजही बारीक झाला आहे. चढणीवर ते मला सांगणार आहेत, आता तिसरा टाक, आता सोड, आता धर. जहाल शाफ्टवर इंजिन सतत किंचाळत ठेवावे लागेल आणि मला त्यातले काही ऐकू येणार नाही. मवाळ शाफ्टवर आम्ही पाच-सहा सेकंद मागे पडू. ते मला चालेल. बाबा मला ऐकू आले पाहिजेत.

सबब काकांचा शाफ्ट, तेल लावून, त्याच कागदात, काकांना परत. तो बसत नाही म्हणून नव्हे.

कलम पाचवे. इंजिन सुरू होण्याआधी मला काही झाल्यास: मवाळ शाफ्ट बसवावा, फुगवट्यांना घट्ट वंगण चोपडावे. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ देऊ नये, नाहीतर नवे फुगवटे खरवडले जातात. ॲक्सिलरेटरवर पाय बाबांचा असावा. त्यांचे हात थरथरतात, पाय नाही. तेलाच्या दाबाच्या काट्याकडे काकांनी बघावे. त्यांच्याइतके डोळ्यांत तेल घालून कोणी बघत नाही. धाकट्याने कशालाही हात लावू नये.

साक्षीदार होण्यासाठी काका हटून बसले होते. मी म्हटले, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीची सही करू नये.

“म्हणजे मला देणार आहेस काहीतरी,” ते खूश झाले. “काय?”

“ते माझ्या पश्चात कळेल.”

“अगं, माझं वय बघ, तुझं बघ. मला कळायचं कधी?”

त्यांचा हिशेब बरोबर आहे. म्हणून सहीच्या खाली एक ओळ वाढवली आहे.

सही: लिहून देणार, थोरली मुलगी

साक्षीदार पहिला: शेजारचे लेथवाले. (मजकूर वाचला नाही, सही करताना मला पाहिले. त्यांच्या हाताला लागलेला लोखंडाचा कीस कागदावर पडला आहे. तो पुरावा समजू नये.)

साक्षीदार दुसरी: समोरच्या शिवणकामवाल्या मावशी. (मजकूर वाचला. “सांगून टाक गं बाई,” एवढेच म्हणाल्या.)

ठिकाण: गॅरेजच्या वरची खोली

तारीख: गुरुवार, ५ जून

बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. चौथे तोवर थांबणार नाही. त्याचा अंमल माझ्याच हातून आणि माझ्याच तोंडून, काका सकाळच्या चहाला येतील तेव्हा, हेड बसवण्याच्या आधी: शनिवार, ७ जून.