चारचौघांतली माफी

बाबा, गेल्या शुक्रवारी मी भर वर्गात माफी मागितली आणि नंतर स्टाफरूमपर्यंत जवळजवळ उड्या मारत गेले. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी ही बातमी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावीशी वाटली. गाझियाबादच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथल्या आठवीतल्या एका मुलीचा निबंध इतका सुरेख होता, की मी सगळ्यांदेखत म्हटलं, "ये तुमने नहीं लिखा." दुसऱ्या दिवशी तिनं आपली कच्ची वही, सगळ्या खाडाखोडीसकट, मुकाट्यानं माझ्यापुढे ठेवली. तिला बाजूला घेऊन सॉरी म्हणता आलं असतं. पण मला तुमचा तो रविवार आठवला.

मी चौथीत होते. दिल्लीत, मयूर विहारच्या घरात तुम्ही रद्दी बांधायला बसलात आणि ढिगातून ऑफिसची फाइल निघाली. हरवली म्हणून जिच्यावरून तुम्ही तुमच्या हाताखालच्या क्लार्कबाईंना, त्या पानिपतहून रोज ट्रेननं यायच्या, सगळ्या सेक्शनसमोर झापलं होतंत, तीच फाइल. वाचायला म्हणून तुम्हीच घरी आणली होतीत आणि साफ विसरला होतात. आई म्हणाली, "अहो, उद्या गुपचूप कपाटात ठेवून द्या ना. कुणाला कळतंय?" तुम्ही फाइल झटकत म्हणालात, "बोललो चारचौघांत. मग माफी गुपचूप कशी मागू?"

सोमवारी मला सुट्टी होती, म्हणून तुम्ही मलाही ऑफिसात घेऊन गेलात. अजून दिसतंय मला. पंखे घरघरतायत, माणसं चहाचे ग्लास घेऊन जागेवर बसतायत आणि तुम्ही मधोमध उभे राहून तुमच्या मराठमोळ्या हिंदीत म्हणताय, "फाइल मेरे ही घर में थी. मैडम की कुछ चूक नहीं थी. मैंने सबके सामने आवाज चढ़ाया, इसलिए सबके सामने माफ़ी मांगता हूँ." तुमचं बोट माझ्या मुठीत आहे. मग बाई उठतात. डोळे पुसत म्हणतात, "सर, माफ़ी तो मिल गई, पर आवाज़ 'चढ़ाया' नहीं, 'चढ़ाई' जाती है!" अख्खा सेक्शन हसला, तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं. बाईंनी डबा उघडून आपल्याला पराठे आणि पानिपतचं लोणचं खायला घातलं. परतताना बसस्टॉपवर तुम्ही इतकं बेसूर गात होतात, की लोक वळून बघत होते.

शुक्रवारी मीही वर्गाच्या मधोमध उभी राहिले. मी सांगितलं, निबंध तिचाच आहे, चुकले मी. ती मुलगी लाजून म्हणाली, "मैम, इसका मतलब अच्छा लिखा था ना?" आणि वर्गानं बाकं वाजवली. मी तिला तो निबंध मोठ्यानं वाचायला लावला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा एक लिहूनच टाकते. चित्र काढताना कागदाखाली धरायला ती फाइल तुमच्या टेबलावरून मी उचलली होती, आणि आईनं जेवायला हाक मारल्यावर रद्दीवर टाकून पळाले होते. त्या सोमवारी तुमचं बोट धरून उभी होते ना, बाबा, तेव्हा मला हे माहीत होतं.