शनिवारचा फेर

प्रिय लंबू,

परवा तुझी ताई कोटाला अस्तर लावून घ्यायला माझ्या दुकानात आली होती. म्हणाली, नोकरी संपवून तू कायमचा परत आलायस, एकटाच राहतोस आणि गुडघे अजून शाबूत आहेत. गुडघ्यांचं मीच विचारलं होतं. तुझी तब्येत आधी विचारायला हवी होती, हे ती गेल्यावर सुचलं.

आपला शनिवारचा नाच अजून चालू आहे रे. तीच शाळेची व्यायामशाळा, तोच रबरी गाद्यांचा वास. आपल्याला नाच शिकवणाऱ्या नर्सबाई गेल्या, पण नवं कुणी पायांकडे बघत नाचायला लागलं की मीच त्यांच्यासारखी ओरडते, "चेहऱ्याला इस्त्री कशाला केलीय? हसा की!" ग्रीक, हंगेरियन, बल्गेरियन... ज्या देशांत कधी पाऊल टाकलं नाही, तिथली लग्नं आणि सुगी आपल्या पायांना पाठ होती. तू पुढे पूल बांधायला तिकडे गेलासही. मी राहिले. आई अंथरुणाला खिळलेली. तू दारात उभा राहून नुसतं "चल" म्हणालास, हट्ट धरला नाहीस. बरं केलंस. धरला असतास तर मी आले असते, आणि मग आईचं कुणी केलं असतं?

माझा संसार चांगला झाला. आमचे हे देवमाणूस. नाचाशी त्यांचं वाकडंच, पण दर शनिवारी तिथल्या बाकावर पेपर वाचत माझ्यासाठी थांबायचे. एकदा घरी येताना म्हणाले, "त्या बल्गेरियन नाचात तू कुठेतरी लांब जातेस." मी म्हटलं, "छे, इथेच तर गोल गोल फिरते." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ते गेल्यावर त्या बाकाकडे बघवेना, म्हणून मी आणखीच नाचू लागले.

गेल्या शनिवारी तोच बल्गेरियन नाच चालला होता. मध्येच दोन्हीकडचे हात सुटले. मला वाटलं, टाळ्यांची जागा आली. मी आपली तालात पुढे, आणि बाकीचे सगळे थांबून माझ्याकडे बघतायत. गाणं केव्हाच संपलं होतं. कुणीतरी हसलं, मीही ऐटीत एक गिरकी मारून वाकले. मग कपडे बदलायच्या खोलीत बूट हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले.

कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. डावा गेलाय, उजवाही लवकरच जाईल. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं थोडंफार कळतं, पण गाण्याचा नुसता खडखडाट होतो. सूनबाई म्हणते, "आई, आता नाच पुरे, पडाल कुठेतरी." मी सोडणार नाही. यापुढे ताल मला शेजारच्या हातातूनच घ्यावा लागणार. इथले हात प्रेमळ आहेत, पण म्हातारीला जिना उतरवावा तसे धरतात. तू धरायचास तेव्हा ढोल माझ्या खांद्यापर्यंत चढायचा. म्हणून हे लिहायला बसले. थोडं ऐकू येतंय तोवर एकदा ये. पुढेही येत राहिलास, तर मग ऐकू नाही आलं तरी चालेल. फोन करू नकोस, मला नीट कळायचं नाही. शनिवारी दिवेलागणीला सरळ ये आणि माझा हात धर.

अजून तालात असलेली, तुझीच
गिरकी