मदर सीरियस, कम सून

ट्रॉय, मिशिगन
१ जून २००२

ती. शीलाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तू रागावून ठेवून देतेस, म्हणून पत्र. कॉलेज अर्धवट सोडलं त्यावर बोलायचं नाही. इथे ज्यांच्या घरी राहतो ते भानुदासकाका रोज बोलतात, तेवढं पुरे.

ताई, मला भीती वाटते गं. इथे टीव्हीवर सारखा आपला नि पाकिस्तानचा नकाशा. शहरांवर लाल गोल. एक बॉम्ब पडला तर किती लाख, हे कोटातला माणूस मॅचचा स्कोअर सांगावा तसं सांगतो. दोन्ही सैन्यं समोरासमोर, आणि माझी उपासना तिथेच, राजस्थान बॉर्डरवर, मिलिटरी हॉस्पिटलात नर्स! अमेरिकेने आपल्या लोकांना भारतातून निघा म्हणून सांगितलं. तिला कोण सांगणार?

मी सांगितलं. तिच्या गल्लीतल्या नंदूला नागपुराहून तिच्या हॉस्पिटलला तार करायला लावली: मदर सीरियस, कम सून. सुट्ट्या बंद आहेत, पण अशा तारेवर सोडतात म्हणे. आली की अडकवून ठेव. हवं तर माझ्याशी लग्न ठरलंय म्हणून सांग!

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा प्रफुल्ल

नागपूर
१३ जून २००२

चि. प्रफुल्ल यास अ. आ.

तुझं पत्र आज आलं. उपासना गेल्या आठवड्यातच येऊन गेली. गाडीत उभ्याने प्रवास, स्टेशनवरून धावत घरी, तर तिची आई अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसलेली! तिला मिठी मारून रडली. मग नंदूला गाठलं. त्याने तुझं नाव सांगून टाकलं.

राजा, तिथून एकाच नर्सला सोडणार होते. शुभा म्हणून आहे, तिचे वडील खरंच शेवटच्या घटका मोजत होते. साहेबांनी तुझी तार बघून शुभाला थांबवलं. उपासनाने इथून फोन केला तोवर शुभाचे वडील गेले होते.

त्याच संध्याकाळी ती परत निघाली. मी अडवलं, तर म्हणाली, माझी ड्यूटी पण आता शुभानेच करायची का? खोट्या तारेची चौकशी तिच्यावरच बसली आहे. शुभा तिच्याशी बोलत नाही.

भीती काय तुला एकट्यालाच? विमान गेलं की मी पोरांना घरात ओढते.

वेळेवर जेव.
तुझी ताई

ट्रॉय
२४ जून २००२

शुभाताई,

जयभीम करावा की नमस्कार, कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही. मला तुमच्या वडिलांचं नावही माहीत नाही.

ती तार मी करवली. उपासनाला काहीच ठाऊक नव्हतं. हे पत्र साहेबांना दाखवा, खाली पूर्ण नाव, पत्ता, सही आहे. काय व्हायचं ते माझं होऊ दे.

मी घाबरलो होतो. अजूनही आहे. डोक्यात एकच माणूस होतं. तिच्या शेजारी अजून कोणी असेल, हे मनातच आलं नाही.

लोभ मागायला मला तोंड नाही. माझ्याशी कधीच बोलू नका. पण काही झालंच, तर तिथे तुम्ही दोघीच एकमेकींजवळ असाल. तिच्याशी बोला.

प्रफुल्ल मेश्राम