पहिल्या जोडीचा मान

मु. सानगडी
श्रावण वद्य अष्टमी

ताराचंदभाऊ यांस,
मधुकरचा सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? तुमची बैलजोडी कशी आहे? (आधी गुडघ्याचं कळवा.) तुमची बहीण बरी आहे. हल्ली माझ्याकडे पाहून हसते. का, ते सांगत नाही.

भाऊ, कोणीतरी फितूर झालं आहे. नात टीना सात वर्षांची झाली. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, राजा म्हणजे काय. मी समजावलं: राजा जन्मानेच राजा असतो, त्याच्यामागून त्याचा मुलगा. आता राजे गेले. आपण मत देऊन माणूस निवडतो, नाही पटला तर पाच वर्षांनी बदलतो. इतकं नीट समजावल्याचा आता पश्चात्ताप होतो. ती म्हणाली, "मंग पोळ्याले तोरणाखालून पयली जोडी आपलीच काहून निंगते?" मी म्हणालो, तो आपल्या घराण्याचा मान, माझ्या पणजोबांपासूनचा. "म्हंजे तुमी राजा?" मी नाही म्हटलं नाही. (पोहे चांगले झाले होते, मी खुशीत होतो.) "राजा त राजा, आबाजी. पन बैल त आपले नाहीत."

बैल विकून ट्रॅक्टर घेतल्याला चार वर्षं झाली. आमची जोडी सिहोऱ्याला मेहुण्याकडे कामाला असते, असं मी गावात सांगून ठेवलं आहे. खरं तुम्हाला, मला, तुमच्या बहिणीला आणि पोळ्याला तुमची जोडी आणणाऱ्या टेम्पोवाल्याला ठाऊक. मग पोरीला कोणी सांगितलं? सुनेला आडून विचारलं. दोन दिवस चहात साखर नव्हती. मास्तरांना विचारलं, त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं संविधान मला उभं करून वाचायला लावलं. संशय तुमच्यावरही आहे, राग मानू नका. तुम्ही फोनवर तिच्याशी फार वेळ बोलता.

पोरांच्या तान्ह्या पोळ्यात कोणाचा लाकडी बैल पुढे, यासाठी ती चिठ्ठ्या टाकणार आहे. मी म्हटलं, आपला बैल सागवानी, तोच पुढे. ती म्हणाली, "साऱ्या पोराइचं नाव टाकू. मोठ्या पोळ्यातबी टाकू का?" अंगणात बसलेले गावातले दोघे हसले. दोघांकडे स्वतःच्या जोड्या आहेत.

घरी सर्वांना नमस्कार.
आपला,
मधुकर

ता. क. जोडी नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी पाठवावी.

ता. क. गळ्यातल्या पितळी घंटा मात्र काढून ठेवा. आत्ताच टीनाला सरळ विचारलं. "कोनी नाही सांगतलं. घंटीवर मामाआबाजीचं नाव वाचलं." चार वर्षं दर पोळ्याला मी त्या घंटा चिंचेने घासून लखलखीत करतो आहे.

ता. क. ती विचारते, मोठ्या पोळ्याच्या चिठ्ठीवर नाव माझं लिहायचं की तुमचं. उत्तर टेम्पोवाल्याबरोबर पाठवू नका, त्याला जोडीचं ठाऊक आहे तेवढं पुरे.