दीड सिग्मा कमी

भुईगाव, सोमवार

चि. स्वप्नाली,

काकाचे आशीर्वाद. जिनिव्हाच्या थंडीत तुझे ओठ फुटतात असं तुझी आई सांगत होती, तूप लाव. इकडे मी ठणठणीत, शकूकाकूचा गुडघा तेवढा कुरकुरतो. फोन न करता पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतोय, कारण पुढचं तोंडाने सांगायची माझी छाती नाही.

गेल्या फोनवर तू मेसॉनचं सांगितलंस: दोन कणांची जोडी, तिला जास्तीची ऊर्जा मिळाली की तीच जोडी जड होते आणि दिसायच्या आत फुटते. मग तुम्ही तुकड्यांवरून तिचं वजन काढता, आणि कोट्यवधी टकरींच्या आलेखात एका वजनाशी उंचवटा आला, तर नवी अवस्था सापडली. (कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.) मला चैन पडेना. शनिवारी वाडीतले केळीचे चाळीस घड तोलून तसाच आलेख काढला, तर अकरा किलोशी भलताच उंचवटा. काकूला म्हटलं, नवी जात सापडली. ती म्हणाली, आणखी तोला. आणखी साठ तोलले आणि उंचवटा सपाट झाला. तेव्हा कळलं, पाच सिग्मा होईपर्यंत कुणाला सांगू नका असं तू का बजावलं होतंस. सिग्मा हे खात्रीचं माप, पाच म्हणजे पक्की खात्री, आणि तुला दिसलेला उंचवटा अजून साडेतीनवरच आहे.

पण तोंड मी आदल्या गुरुवारीच उघडलं होतं. फक्त शेजारच्या सिप्रियनपाशी, तेही शपथ घालून. (तो कुंपणावरून विचारत राहतो, माणसाने किती गप्प बसायचं?) तासभर खोदून विचारल्यावर तो म्हणाला, "दिसत नाय, टिकत नाय, मंग सत्कार कोनाचा करायचा?" मी म्हटलं, पुतणीचा. ते थेट उत्सव मंडळात पोचलं. तू सुट्टीला येशील (येशील ना?) त्या रविवारी शाल-श्रीफळ ठरलंय. तुझ्या साहेबांना कळून तुझी पीएचडी अडकली, तर मी स्वतःला माफ करणार नाही.

तुझा अपराधी,
काशीकाका

ता. क. साडेतीन झालेत, म्हणजे दीडच उरले. रविवारच्या आत होतील का? यंत्र थोडं जास्त वेळ चालवायला सांगून बघ.

ता. क. दुसरा. काकूने हे वाचलं आणि तशीच उठून मंडळात जाऊन आली. फ्लेक्सचा मजकूर तिने बदलून घेतलाय. मेसॉनचं नावही नाही, नुसता तुझा फोटो आणि खाली, 'आपली स्वप्नाली तीन वर्षांनी घरी आली'. एवढं मात्र तू खरं कर.