लाल गिटारची दांडी

ता. ४

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि. एवढंच की आम्ही जिवंत आहोत, बाकी कामाचं लिहिते.

फोन करून उपयोग नाही. करवतीपाशी राहून तुझे कान गेलेत. मी ओरडते आणि तू नुसतं बरं म्हणतोस. म्हणून हा लिहिण्याचा त्रास. शाळा चौथीत सुटली माझी, अक्षराला हसू नकोस.

ती लाल इलेक्ट्रिक गिटार आठवते? बाबांनी बावीस वर्षांपूर्वी तिच्या धडात दांडी चिकटवून दिली, एकही स्क्रू न लावता, आणि अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, तीच. तिचा वादक ती घेऊन आलाय. दांडी वाकलीय, तारा दांडीवरच्या धातूच्या पडद्यांवर खरखरतात. काढून, सरळ करून परत बसवायची. पंचवीस तारखेला तो दौऱ्यावर निघतो, दुसरी गिटार त्याच्याकडे नाही. मी नको म्हणत होते. बाबा म्हणाले, मी बसवली, मीच काढणार. सरसाने चिकटवलीय, वाफ दिली की लोण्यासारखी सुटेल.

त्यांचे हात थरथरतात, म्हणजे सांगणार ते आणि करणार मी. एक पडदा उपटला, खाली बारीक भोक पाडलं, कुकरला नळी, नळीला सुई, आणि अर्धा तास वाफ. लोणी कसलं, दगड. कडेचं पॉलिश मात्र पांढरं पडलं. आता बाबांना मोगरीने ठोकायचंय. मोगरी मी तांदळाच्या डब्यात पुरलीय.

तू तेव्हा त्यांच्या हाताखाली होतास. सरसच होता ना, तेवढं कळव. मायेचं बोलणं पुढच्या पत्रात.
ताई

ता. ८

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. अक्षर चौथीचं नाही, तिसरीचं आहे.

इकडे सगळं ठीक. दारांचा कारखाना जोरात चालू आहे, मुलगी सायकल शिकली. गिटारचं म्हणशील तर बाबा म्हणतात म्हणजे सरसच असणार. बावीस वर्षांपूर्वीचं मला काय आठवणार. पण खरं सांगू का, ते काम सोडून द्या. वादकाला म्हणावं दुसरी घे. या वयात बाबांना दगदग कशाला. थंडी फार आहे, जपा सगळे.

तुझ्या रागासकट तुझा,
धाकटा

ता. ११

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता घेऊन.

लहानपणी काचेची बरणी फोडलीस की असाच गोड बोलायचास. थंडी आहे म्हणे. थंडीचं मी विचारलं होतं का?

काल पुन्हा वाफ दिली. बाबांना राहवेना, स्वतः दांडी धरून हिसका दिला. आतून कट्ट असा आवाज आला. वादक दारातच उभा होता, त्याचा चेहरा मला सांगता यायचा नाही. धडावर केसाएवढी चीर पडलीय.

तेव्हापासून बाबा दोन घास खाऊन उठतात. म्हणतात, माझा सरस असा कधी वागला नाही. हात गेले तसं डोकंही गेलं बहुतेक, मीच काहीतरी दुसरं लावलं असेल आणि आता आठवत नाही. ज्या माणसाला गिऱ्हाइकांच्या आजोबांचे तंबोरे आठवतात, तो असं बोलतोय. सोमवारी दांडी करवतीने कापून काढणार म्हणतात. कापली की संपलं, ती दांडी परत बसणार नाही.

तुला काय ठाऊक आहे ते लिही. नसेल लिहायचं तर पुन्हा मला ताई म्हणू नकोस.

ता. १३

ती. ताईस,
नमस्कार. करवत लावू देऊ नकोस.

बाबांनी सरसच लावला होता. दांडी शिकंज्यात आवळून ते दोन दिवस गावाला गेले. मी घाईने शिकंजा आधीच सोडला आणि गिटार बाकावरून पडली. दांडी निखळली, धडातल्या खोबणीची एक कड तुटली. मी सगळा सरस खरवडला, कड जोडली, आणि दोन नळ्या मिसळून करतात त्या कडक गोंदाने दांडी बसवली. तरी धीर होईना, म्हणून तारांखालच्या पिकअपच्या खड्ड्यातून बांबूचे दोन खिळे मारले आणि वरून काळा रंग फासला. बाबा आले, दांडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, असं काम आपल्या हातून परत होणार नाही. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मग ते कौतुक रोज ऐकवेना, म्हणून मी इकडे आलो. नोकरीसाठी आलो हे खोटं.

आता ऐक. पिकअप काढ, काळा रंग खरवड, दोन ठिपके दिसतील. ड्रिलने पोखरून काढ. पाण्याचा थेंब नको. पडद्यांच्या पट्टीवर कोरडी इस्त्री, थांबत थांबत, आणि फटीतून पातळ पाती. बाबांना यातलं काही सांगू नकोस. तुझ्या युक्तीने निघाली म्हण.

तुझ्या लोभाला आता मी पात्र नाही, तरी मागतो.
धाकटा

ता. १७

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. या खेपेला पुरते.

खोटं रचायला मला वेळ नसतो. तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. करवत त्यांच्या हातातच होती. ऐकून झाल्यावर करवत भिंतीला टांगली आणि खिळ्यांचा भाग परत वाच म्हणाले.

ठिपके तू म्हणालास तिथेच होते. ड्रिल मी चालवलं, दिवा त्यांनी धरला. मग इस्त्री. चार तास. पाती दर खेपेला नखाच्या कडेएवढी आत सरकायची आणि अडायची. मध्ये जळका वास आला तेव्हा मी इस्त्री झटकन उचलली. वादक बाहेर पायरीवर बसून होता. आत बोलावलं तर म्हणाला, बाळंतपण आहे का ऑपरेशन ते आधी सांगा. पाच वाजता दांडी हलली आणि अख्खी बाहेर आली. दोन पडदे उचकटले आणि धडावर ती आधीची चीर, नुकसान तेवढंच.

बाबांनी धड उचलून खिडकीत नेलं. तू जोडलेली कड अंगठ्याने शोधत होते, सापडेना. चष्मा पुसला, भिंग मागितलं. मला वाटलं, आता फुटतात. तर म्हणाले, त्याला लिही, खिळे नको होते, जोड तसाच टिकला असता. मग विचारलं, तेव्हा वय काय होतं त्याचं. मी म्हटलं, एकोणीस.

म्हणाले, हेही लिही. मला असा जोड पस्तिसाव्या वर्षी जमला.

लिहिलं. लोभाचा हिशेब तू करू नकोस, तो माझा आहे.
ताई