आजोबांची खोक आणि सार्जंट टूही

२ जुलै २००७
संकल्प. १९३० साली पुण्याच्या मोर्चात आजोबांच्या कपाळावर लाठी हाणणाऱ्या आयरिश पोलिसाचा छडा लावायचा. सार्जंट टूही. हे नाव वडील मरेपर्यंत दात-ओठ खाऊन घेत होते. गणपतीत इथल्या लंडनच्या मंडळात व्याख्यान ठोकणार. सेक्रेटरी पुष्कर म्हणाला, आधी रिसर्च तर करा. आगाऊ माणूस. रिसर्चला चार दिवस पुष्कळ.

४ जुलै, सकाळी ११.१०
ट्रेनमध्ये हाउन्सलोपासून किंग्ज क्रॉसपर्यंत उभा. ब्रिटिश लायब्ररीत बॉलपेन बाहेर ठेवायला लावलं. आत फक्त पेन्सिल. एकोणसाठाव्या वर्षी पेन्सिल! अख्खा देश लुटणारे माझ्या बॉलपेनला घाबरतात. निषेध म्हणून काहीही लिहिलं नाही. डबा लॉकरमध्ये, भूक लागली, घरी आलो.

११ जुलै
परवा पाऊस. काल गुडघा. उद्यापासून रोज.

२३ जुलै
सापडला! कॉर्नेलियस टूही, काउंटी क्लेअर, बाप शेतमजूर. १९१२ साली बोटीने मुंबई. याच्या स्वतःच्या देशावर इंग्रज बसलेले, आणि हा पोटासाठी त्यांचीच लाठी घेऊन आमच्याकडे! किळस आली. स्वदेश सोडून परक्यांची चाकरी करणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, असं सुनीतीला म्हणालो. तिने विचारलं, उद्या हीथ्रोला तुमची शिफ्ट कितीची? बायकोला विषयाचं गांभीर्यच नाही.

६ ऑगस्ट
स्मरणिकेला लेख दिला. रिसर्च बाकी आहे, पण निष्कर्ष मला आधीच माहीत आहेत. ‘रक्तपिपासू’ एकदा, ‘नरपशू’ तीनदा. पुष्करने पुरावा विचारला. म्हटलं, पुरावा आजोबांच्या कपाळावर होता.

२९ ऑगस्ट, दुपारी ४
अनुयाला नेलं. मुलगी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते, तिला जुनं अक्षर लागतं. फायलीत टूहीने १९३१ साली लंडनला केलेला अर्ज निघाला. सार्जंटची फीत परत द्या म्हणून.
लाठीमार चालू असताना हा जागा सोडून गेला, हा गुन्हा. कारण एक बघ्या पळता पळता टांग्याच्या चाकावर आपटला, कपाळ फुटलं, त्याला पाठीवर घेऊन हा हॉस्पिटलात गेला. बघ्याचं नाव आजोबांचं. पत्ताही आमचाच. हुद्दा, कलेक्टर कचेरीत कारकून.
चौकशीत आजोबांची साक्ष काढली. ते म्हणाले, मी तिथे नव्हतो, खोक घरी उंबऱ्यावर पडून झाली, या सार्जंटबद्दल मला काही माहीत नाही. टूहीची फीत गेली ती गेलीच. अर्ज नामंजूर.
अनुयाने सगळं पेन्सिलीने उतरवून घेतलं. मला आजोबांची शिसारी आली. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१ सप्टेंबर
निर्णय पक्का. लेख मागे घेणार, व्याख्यानात खरं तेच सांगणार. अनुयाला शब्द दिला. तिने मला मिठी मारली. बऱ्याच वर्षांनी.

५ सप्टेंबर
पुष्करचा फोन एंगेज. अनुयाला सांगितलं, सारखा लावतोय. एकदाच लावला होता.

९ सप्टेंबर
स्मरणिका छापून आली. माझा फोटो चांगला आहे. छापलेल्याला आता कोण काय करणार? पण व्याख्यान माझ्या हातात आहे.

१६ सप्टेंबर, संध्याकाळी ७
व्याख्यान झालं. कागदावर खरं लिहून नेलं होतं. पण हॉल भरलेला, लोक ‘नरपशू’ची वाट बघत होते. टाळ्या पडल्या. शेवटी लीड्सहून आलेल्या डॉक्टर लीलावतीबाईंनी विचारलं, त्या सार्जंटचं पुढे काय झालं हो? अनुया पहिल्याच रांगेत होती. मी म्हणालो, त्या सार्जंटबद्दल मला काही माहीत नाही.
अनुयाने पर्समधून ती पेन्सिलीची पानं काढली. आजोबांच्या साक्षीतली एक ओळ बोटाने शोधली, वाचली आणि माझ्याकडे बघितलं.
तेवढ्यात पुष्करने शाल पुढे केली. मान खाली घालून घेतली. लोकांना तो विनय वाटला.